शेवटच्या दाराची व्यवस्था

हे लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल आधी सर्वांची माफी मागतो. दरवेळी पेन हातात घेतलं की वाटायचं, आपणच मरणाला बोलावतोय. काल डॉक्टरांनी तपासून तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं, तेव्हा धीर आला.

मी, खाली सही करणारा, शिवणयंत्रं दुरुस्त करणारा, शिक्षण सहावीपर्यंत, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय (धाक मला तसा सगळ्यांचाच वाटतो, पण या कामात कोणाचा नाही) माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावं असं लिहून ठेवतो.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची. तिने कोणाला विचारत बसू नये.

पाने, पेचकस आणि तेलाची कुपी थोरल्याला. तो वापरणार नाही, पण निदान गंजू देऊ नये.

मेहुण्यांना माझी खुर्ची. त्यांनी मला चारचौघांत 'चोरांचा दरवान' म्हटलं होतं. खुर्चीचा मागचा पाय डुगडुगतो. तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही.

आता मुख्य मिळकत. कपाटावरची हिरव्या दिव्याची डबी.

धाकटी लेक परिचारिका आहे. तिच्या रुग्णालयात मुदत संपलेल्या औषधांवर नवी लेबलं लावत होते. तिने ते तपासणी खात्याला निनावी कळवलं. इंटरनेटवर एक जाळं आहे, त्यात निरोप तीन अनोळखी घरांतून फिरून जातो आणि बघणाऱ्याला फक्त शेवटचं घर दिसतं. रुग्णालयाने शोध घेतला, तर हाती लागलं परमुलखातल्या कोणाचं तरी घर. ती औषधं बंद झाली, पोरीची नोकरी टिकली. हे ऐकून मी आधी दाराची कडी तपासली. मग विचारलं, त्या शेवटच्या घरवाल्याचे आभार कोणी मानले? ती म्हणाली, "त्याला माहीतच नाही, बाबा."

मी म्हटलं, मग तसं एक दार आपल्याकडेही असू दे. तिने ही डबी आणून दिली, हीच ते शेवटचं दार.

चूक अशी झाली की डबी घरच्याच इंटरनेटच्या लाईनवर जोडली. जगभरातले लोक आमच्या दारातून बाहेर पडू लागले आणि प्रत्येक दुकानाची साइट आम्हाला लबाड समजू लागली. साधी चादर मागवायची तरी हिला आधी चित्रांतले सिग्नल ओळखून दाखवावे लागत. मी कासावीस, पण हिला गोडी लागली. जेवताना म्हणायची, "मी माणूस असल्याचं आज तीनदा सिद्ध केलं. तुमचं काय?"

मग पोलीस आले. कोणीतरी एका बड्या माणसाला धमकी पाठवली होती आणि माग आमच्या घरापाशी संपत होता. हिने त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "शेजाऱ्याला 'इथे कचरा टाकू नका' म्हणायला यांना दोन महिने लागले. हे कोणाला धमकी देणार?"

'इथून फक्त परक्यांचे निरोप बाहेर पडतात' ही धाकटीने डबीवर चिकटवलेली माहिती वाचून त्यांच्यातला तरुण साहेब हसायला लागला. "काका, एक्झिट, म्हणजे हे शेवटचं दार, कोणी घरच्या लाईनवर चालवतं का? वेगळी लाईन घ्या. आमच्याही फेऱ्या वाचतील."

वेगळी लाईन घेतली. चादरीही येऊ लागल्या. आयुष्यभर दाराला दोन-दोन कड्या लावल्या, आणि आता माझ्या घराचं एक दार कायम उघडं आहे. दिवा लुकलुकला की वाटतं, गेलं कोणीतरी सुखरूप. इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्याच कामाने दिला नाही.

पण ती लाईन माझ्या नावावर आहे. मी गेलो की कंपनी ती तोडणार. धाकटीच्या नावावर करता येत नाही, तक्रार असल्याच दारातून गेली हे रुग्णालयवाल्यांना ठाऊक आहे, ते लगेच ओळखतील. म्हणून थोरल्या, तुला विचारतो. तुझ्या नावावर घेशील का? तू माझ्यासारखाच भित्रा आहेस, म्हणूनच सांगतो की भीती जात नाही, पण तिच्यासकट हे जमतं. सक्ती नाही. नाही म्हणालास तरी पाने तुझेच.

तू नाही म्हणालास, तर तुझी आई स्वतःच्या नावावर घेणार म्हणते. माझा जीव टांगणीला लागला आहे. पोलीस पुन्हा आले तर ती त्यांना जेवल्याशिवाय सोडायची नाही.

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल.
तारीख: डॉक्टरांनी सहीखाली घातली आहे तीच धरावी, माझी नेहमी चुकते.
सही: (माझीच)
साक्षीदार: १. गल्लीतले डॉक्टर. २. खालच्या मजल्यावरचा शिंपी, ज्याचं यंत्र मी शेवटचं दुरुस्त केलं.

ता. क. सह्या होईपर्यंत हिने कंपनीचा अर्ज भरूनसुद्धा ठेवला. फक्त नावाची जागा मी हाताने झाकून धरली आहे. थोरल्या, लवकर कळव.