दरबुक्याला शेक

नबविया,

तुला आणि घरच्यांना सलाम. अलेक्झांड्रियात आम्ही खुशाल आहोत, फक्त समुद्राच्या दमट हवेने माझे गुडघे कुरकुरतात.

नातीच्या, मनालच्या मेंदीला तुझा दरबुका वाजवायला काढला, तर त्या ढोलकीचं कातडं दमट हवेने पार सैल. तिची सासू म्हणाली, "आजीबाई, तुमच्या दरबुक्याला सर्दी झालीय!" मी म्हटलं, "तोंड आवर आणि गरम भाकऱ्या आण." भाकऱ्यांवर फडकं घालून तो उपडा ठेवला. उबेने कातडं ताणलं, आणि माझ्या हाताखाली असा कडाडला, की सासूबाईच आधी नाचायला उठल्या.

"माझा हात आता चालत नाही, दरबुका मनाललाच देऊन टाक," असं तू म्हणालीस. देणार नाही. इथल्या हवेत तो मरेल. परत आणतेय. बोटं हलतात का, खरं कळव. धाकट्या नातीच्या मेंदीला तूच वाजवायचंस. तोवर हात शेकत राहा.

हा थोरल्या बहिणीचा हुकूम आहे.

इन्शिराह