चाबी कोणाच्या हाती

माझ्यानंतर ही खोली सगळ्यांसाठी उघडी राहील का? उत्तर मला माहीत नाही. म्हणूनच मी, उर्वशी झिंगू शेंडे, वय सत्तावीस, बी.ए., राहणार कोसमटोला, तालुका चामोर्शी, हे मृत्युपत्र लिहीत आहे. सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं ठिकाणावर आहे. ‘कोणाच्याही दबावाखाली नाही’ असं इथे लिहायची रीत आहे. दबाव आहे. तरी लिहीत आहे.

१. बाबांनी बक्षीसपत्राने मला दिलेली घराची पुढची खोली आणि मी भंगारातून जोडलेले चार कॉम्प्युटर धाकटी बहीण डिंपल हिला देते. अट एकच: तलावावर मासे धरणारी असो, धानाच्या रोवणीला जाणारी असो, शाळा सुटलेली असो, शिकायला आलेल्या कोणालाही तिने परत पाठवू नये.

२. काका इस्तारी शेंडे यांना या खोलीत धानाची पोती ठेवायची आहेत. परवा ते सगळ्यांसमोर म्हणाले, “चाबी माह्याजवळ दे. बायाईले मशीन कायले पायजे?”

शेजारच्या नीलाबाई माउसवरचा हात न काढता म्हणाल्या, “इस्तारीभाऊ, तुमच्या मोबाइलात पैसे आले का नाई, थे कोन पाहून देते? सूनच ना?”

काका गेले, हट्ट गेला नाही. त्यांना मी काहीही देत नाही. त्यांच्यावरचा माझा राग डिंपलला देते. तिला तो कामी येईल.

३. नीलाबाईंनी पहिलं वाक्य टाइप केलं, ‘मले नाव लिवता येते.’ ‘मले’खाली लाल रेघ आली. त्यांचा चेहरा उतरला. “काऊन वं, मी चुकली का?” चूक मशीनची होती. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ हे शब्द मी चारही मशीनला शिकवले आहेत. ते कोणीही पुसू नयेत, पुण्याहून आलेल्यानेही नाही.

४. पदवीचं प्रमाणपत्र आईला. घरातलं पहिलंच आहे, पण फ्रेम करू नये. शिकून काय दिवे लावणार, असं कोणी डिंपलला म्हणालं, तर त्याच्यासमोर धरावं.

५. मी परत येवो न येवो, कुलूप लावायला काही उरू नये, म्हणून खोलीचं दार मी आज सकाळी बिजागऱ्यांतून उतरवलं. शेळ्या येऊ नयेत एवढ्यासाठी चौकटीला बांबूची ताटी बांधली आहे. दार विटांवर आडवं ठेवलं आहे. चौथा कॉम्प्युटर त्याच्यावर चालू आहे.

उर्वशी झिंगू शेंडे (सही)

आमच्यासमोर सही केली:
नीलाबाई मेश्राम (सही)
शकुबाई भोयर (सही)

कोसमटोला, २२ नोव्हेंबर २०२४