शनिवारचं ताट

जाफना

धाकट्या भावा, तंबी सूसै, आणि आपल्या पांबन बंदरातले सगळे ट्रॉलरवाले,

मासळी उरली नाही म्हणून आपण रडतो. दोन्ही देशांच्या कोळ्यांच्या ज्या बोलण्यांसाठी मी इथे आलेय, तिथे जमलेले इथले कोळीही तेच रडतात.

मी खुशाल आहे. जिच्याकडे उतरलेय ती पुष्पम अक्का पोटभर वाढते. शनिवारी मात्र ताटात नुसती डाळ होती. मी मासा मागितला, तर हसली. "अगं, दर शनिवारी तुझा भाऊ आमच्या पाण्यात येतो ना! त्याच्या ट्रॉलरने आमची जाळी फाटतात, म्हणून आम्ही घरीच."



अम्माचा खोकला कसा आहे? मी रोज संध्याकाळी इथल्या किनाऱ्यावर उभी राहून आपलं घर कुठल्या बाजूला असेल, ते शोधत राहते.

देश दोन असले तरी समुद्राचा तळ एकच आहे. ट्रॉलरच्या जाळ्यांनी तो असाच खरवडत राहिलो, तर दोन्हीकडचे कोळी बुडतील. येत्या शनिवारी सगळ्यांनी ट्रॉलर किनाऱ्यालाच बांधून ठेवा.

तुझीच अक्का,
लूर्दु