चूल रस्त्याकडेच

८ जानेवारी १९७९

ताराचंद आला होता! भर दुपारच्या गर्दीत माझ्या खानावळीत बाकड्याच्या टोकाला येऊन बसला. मी ओळख दाखवली नाही. लांब रोटी हातावर कोपरापर्यंत ताणली, चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकली — एक सुरकुती नाही. तो आला म्हणून गडबडायला मी काही आता विशीतली नाही. पण त्या रोटीकडे जरा जास्तच लक्ष दिलं, हे खरं.

रस्सा दोनदा मागून घेतला. जाताना म्हणाला, "ओळखलं नाही का वं, वच्छला?"

"गिऱ्हाईक आहे तू. जेवला ना, हात धुव अन् जाय."

रुखमामावशी वाढता वाढता हसली. मला मदत करते की माझी गंमत बघते, कळत नाही.

९ जानेवारी

मावशीने बातमी काढलीच. त्याची बायको वारली. सीताबर्डीच्या एका मोठ्या हॉटेलात तो आता मुख्य आचारी आहे. मला काय त्याचं!

एकेकाळी आमचं लग्न ठरल्यातच जमा होतं. त्याची आई तुळसाबाई तिच्या घराच्या दारात उभी राहून म्हणाली, "लोकाईच्या मांगच्या दारी रोट्या भाजणारीची पोरगी माह्या घरात नाही पाहिजे." तो मान खाली घालून उभा. माझी आई तशीच दुसऱ्या कुणाच्या लग्नघरी कामाला गेली आणि तिने परसात बसून पंगतीच्या रोट्या केल्या.

आई गेल्यावर मी ही खानावळ काढली, तेव्हा सगळ्यात आधी चूल रस्त्याकडे मांडली. कामठी रोडवरून जाणारा-येणारा बघतो. बघू दे. पाटीवर नाव माझं आहे.

१६ जानेवारी

रोज येतो. मुख्य आचाऱ्याला एवढी फुरसत कशी, कोण जाणे. आज मीठ कमी आहे म्हणाला. मीठ बरोबर होतं. बोलायला निमित्त हवं होतं.

२१ जानेवारी

"एकदा येऊन पाह्य तरी," म्हणून आज हॉटेलात घेऊन गेला. वाटेत थांबला आणि सरळ म्हणाला, "मालकाले तुह्या रोट्या पाहिजे. अन् मले तू पाहिजे."

ऐकून बरं वाटलं. खूप बरं वाटलं. आत्ता लिहितानाही वाटतंय.

मग स्वयंपाकघर दाखवलं. माझ्यासाठी नवा ओटा, गॅसची शेगडी, वर नवंकोरं मडकं. एवढा मोठा आचारी, पण मला विचारायचं सुचलं नाही! गॅसची आच एकाच जागी लागली आणि पहिली रोटी पडायच्या आत मडकं तडकलं. आम्ही दोघंही हसलो.

"मग माही चूल कुठी मांडशीन?"

"अथीच, आत. चूल बांधून देतो. तुले काहून रस्त्यावर बसा लागते आता? खानावळ बंद कर."

आत. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. गिऱ्हाइकाला रोटी दिसणार, मी नाही.

"तुह्या आईनं मले दारातून हाकललं, तू मले आत लपवून राहिला. फरक काय गा?"

मी पायीच घरी आले.

२२ जानेवारी

विषय संपला.

२५ जानेवारी

संपला म्हणजे संपला. आज रस्सा खारट झाला. मावशीने माझ्याकडे बघत त्यात तांब्याभर पाणी ओतलं.

३ फेब्रुवारी

मावशीला ताप. बाकडी भरलेली, मी एकटी. रोटी करू की वाढू? तेवढ्यात ताराचंद आला. अंगात हॉटेलचा पांढरा कोट, डोक्यावर ती उंच टोपी. काही न विचारता चुलीसमोर पाटावर बसला आणि लाकडं सारायला लागला. मी वाढत होते तेव्हा त्याने स्वतःच रोटी ताणली. फाटली. दुसरीही फाटली.

या मडक्यापुढे पुरुष बसत नाही. लोक थांबून बघायला लागले. एक रिक्षावाला म्हणाला, "काहून गा आचारीबुवा, बायकाईचं काम करून राहिला?"

"शिकून राहिलो," तो म्हणाला.

कुणीतरी तुळसाबाईंना सांगितलं असणार. काठी टेकत आल्या. "ऊठ तथून. लोकं पाहून राहिले."

माझे हात थांबले. मला वाटलं, आता त्याची मान खाली जाणार.

"पाहू दे. मी अथीच बसतो, माय. तुले जेवाचं असन तर बाकड्यावर बस."

त्या बसल्या नाहीत, निघून गेल्या. त्याने पुढची रोटी ताणायला घेतली.

फाटलेली रोटी गिऱ्हाइकाला देत नाहीत. जिने केली तिच्या ताटात जाते. त्याचं ताट भरून गेलं होतं. मी शेजारी बसले आणि त्यातली एक घेऊन खाल्ली. जाड होती, कच्ची होती. अख्खी संपवली.

५ फेब्रुवारी

मागणी मी घातली. भर गिऱ्हाइकात, कोपरापर्यंत कणीक लागलेली. खानावळ बंद होणार नाही, पाटीवरचं नाव बदलणार नाही, हे पूर्ण ऐक आणि मग काय ते सांग, असं बजावलं होतं. त्याने अर्ध्यातच हो म्हटलं.