फर्गलचा जपानी हातगोळा

बुधवार, ४ मार्च

माफ कर डायरी, बरेच दिवस तुला उघडलं नाही. कारण फर्गल.

इथे आयर्लंडात आमच्या शेजारी राहणाऱ्या फर्गलचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. येताना जपान्यांचा एक हातगोळा घेऊन आले. बिडाचा, खाचा खाचा पाडलेला, वर पितळी टोपी. फर्गल तो खिशात घालून आमच्याकडे चहाला येतो, टोपी टेबलाच्या कडेवर टक् करून आपटतो आणि गोळा माझ्या मांडीवर टाकतो. गेल्या वेळी मी कपबशीसकट टेबलाखाली गेलो. गुडघा अजून दुखतो. सूनबाई, स्वरूपा, हसून हसून ओट्याला टेकली. आता फर्गल दुकानात सगळ्यांना सांगत सुटलाय — "युअर मॅन टेबलाखाली!" युअर मॅन म्हणजे मी.

"रिकामा आहे ना रे नक्की?" मी दर वेळी विचारतो.

"वडिलांनी तिथेच रिकामा करून आणला. ग्रँड आहे, काळजी नको." दर वेळी हेच.

माझं इंग्रजी सातवीतलं, त्याचं इथल्या डोनेगल भागातलं. तरी भांडण नीट होतं.

गुरुवार, ५ मार्च

फर्गल गोळा माझ्याकडे ठेवून गेला. रविवारी वॉटरफोर्डला त्याच्या बहिणीचा ऐंशीवा वाढदिवस. तिथे केकच्या टेबलावर टक् करणार. आमच्या देवापुढची समई त्याने पाहिली होती. "टोपी तशी लखलखीत करून दे." देतो म्हटलं. घरात चिंच आहे.

पण माझ्या डोक्यात वेगळंच शिजतंय.

आमचे थोरले काका मराठा पलटणीतून त्याच ब्रह्मदेशात होते. सांगायचे — जपान्यांचा आधीचा गोळा पडल्यावर सात-आठ सेकंद फुटायचा नाही. धीट माणसं उचलून परत त्यांच्याकडेच फेकायची. मग जपान्यांनी नवा काढला, चार-पाच सेकंदांचा. तो फेकायच्या आधी टोपीतला खिळा स्क्रूसारखा खाली फिरवायचा, पिन उपसायची आणि टोपी आपल्याच हेल्मेटवर ठोकायची. रानात ते खट् ऐकू आलं की काका चिखलात लोळण घ्यायचे.

फर्गलच्या गोळ्याची पिन कधीच हरवली आहे. आणि खिळा? वरच आहे! म्हणून नुसतं टक्. खाली फिरवला तर आतून खट् वाजेल. जन्मात पहिल्यांदा. मग टेबलाखाली कोण जातं बघू. तेही बहिणीसमोर.

शुक्रवार, ६ मार्च

केलं. खिळा हलेना. तेल सोडलं, मुलाची, विक्रांतची, पक्कड घेतली. आधी अख्खी टोपीच थोडी फिरली, मग खिळा खाली गेला. टेबलक्लॉथवर काहीतरी पिवळं सांडलं. तेवढ्यात स्वरूपा आली. गोळा प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) मसाल्याच्या डब्यांमागे ढकलला.

"बाबा, हळद कशी सांडली?"

"भाजीत घालत होतो."

"भाजी कुठाय?"

"ठरवत होतो, कुठली करायची."

तिने माझ्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं, टेबलक्लॉथ ओढून धुण्यात टाकला. "प्रेसला हात लावायचा नाही आता." बरं म्हटलं. नंतर चिंचेने टोपी घासली. समईपेक्षा चकचकीत झाली.

आता मात्र धाकधूक. फर्गल चिडला तर? यायचाच बंद झाला तर? विक्रांत दिवसभर हॉस्पिटलात रुग्ण तपासतो, स्वरूपा कारखान्यात. या लेटरकेनी गावात गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही. चहाला माणूस एकच येतो. त्यालाच कशाला घाबरवायचं?

शनिवार, ७ मार्च

फर्गल सकाळी निघाला. टोपीत तोंड पाहून भांग सारखा केला. मजा झाली की लगेच फोन कर म्हटलं. डोळा मारून गेला. आज दोन वाट्या खीर खाल्ली.

रविवार, ८ मार्च

स्वरूपाने टेबलक्लॉथ धुवायला काढला. डागाला साबण लावला आणि थांबली.

"बाबा, हळदीला साबण लागला की लाल होते. हा पिवळाच आहे. काय सांडलं होतं?"

सांगितलं. सगळं. "म्हणजे गोळा भरलेलाच आहे, बाबा!" ती तिथेच खुर्चीत बसली.

विक्रांतने पोलिसांना फोन लावलाय. बहिणीचं आडनाव काय, घर कुठे, मला एकाचंही उत्तर देता येईना. फर्गल मोबाईल बंद करून गाडीत ठेवतो. केक दुपारच्या चहाला कापणार होते. चहाची वेळ झाली.

फर्गल, ठोकू नकोस रे. मी जाईन टेबलाखाली, रोज जाईन. दुकानात काय हवं ते सांग. फक्त लवकर फोन कर.