वणव्याच्या दिवशी परत दिलेले कोयते

बाबा, त्या वणव्याबद्दल आपण दोघं नंतर कधी बोललोच नाही. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आज आमच्या इमारतीत सकाळपासून पाणी नाही, टँकरची वाट बघत बसलेय, आणि तुम्हाला लिहावंसं वाटलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आपण ठाण्याला कोपरीत राहायचो, मी कॉलेजात होते. वनखात्यात तुमच्याकडे टिटवाळ्यापलीकडचा तो डोंगर होता. त्याच्या पायथ्याच्या तलावाचं पाणी नव्याने उठणाऱ्या इमारतींना जायचं. उतार बोडका झाला की माती तलावात येते, ओढे होळीआधीच आटतात, हे आई पोळ्या लाटत असताना तुम्ही तिला समजावून सांगायचात. म्हणून तुम्ही डोंगरावरची तोड बंद केलीत, रोपं लावलीत, आणि पाड्यावरच्या बायकांचे कोयते जप्त केलेत. एकदा मी तिथे असताना एक म्हातारी तुमच्यासमोर येऊन म्हणाली, "साहेब, शहराच्या नळाला पाणी पायजे म्हणून आमची चूल विझवता काय?" तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "कायदा आहे, आजी." परतताना मी म्हटलं, तिचं बरोबर आहे. तुम्ही फटकारलंत, "तुझ्या घरात गॅस आहे, म्हणून बोलतेस." हे तुम्ही तिच्या बाजूने बोललात की स्वतःच्या, ते मला अजून कळलेलं नाही.

मग होळीनंतरचा तो रविवार. रोपं दाखवतो म्हणून तुम्ही मला सोबत आणलंय. भर दुपारी डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर धूर दिसतो. वाळलेलं गवत पेटलंय आणि वारा थेट तलावाकडच्या उतारावर येतोय. तुमच्याजवळ दोन वनरक्षक, जवळपास कुठे फोन नाही. पाड्यावरच्या बायका खाली बांधावर उभ्या राहून नुसत्या बघतायत. एक वनरक्षक चिडून म्हणतो, "यांनीच लावलीय, साहेब!" तुम्ही त्याला गप्प करता आणि खाली उतरता. मी तुमच्या मागे.

"आजी, चला. सगळं जळून जाईल."

म्हातारी हलत नाही. "कशानं विझवू? हातानं? आमचं कोयतं दे आधी."

जप्त केलेला माल असा परत देता येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. तुम्ही एकदा धुराकडे पाहिलंत, एकदा तिच्याकडे. मग कोयते ठेवलेल्या वनचौकीची किल्ली काढून माझ्या हातात दिलीत. "पळ. सगळे घेऊन ये." मी तरटात गुंडाळलेले कोयते छातीशी धरून धावत आणले. बायकांनी आपापला ओळखून उचलला. आग यायच्या आत त्यांनी गवत कापून पट्टा मोकळा केला, ओल्या फांद्या तोडून ज्वाळा झोडपल्या. धुरात कोण कुठे आहे तेच दिसेना. तुमच्या हाका ऐकू येत होत्या आणि मध्येच थांबल्या. मी ओरडले, "बाबा!" उत्तर म्हातारीने दिलं, "हाय तुझा बाप, हाय! तू फांद्या आण!" ऊन कलताना आग ओढ्याच्या काठाशी थांबली. वरची रोपं गेली होती. तलावाकडचा उतार वाचला.

आग कशाने लागली ते कधीच कळलं नाही. कोयते तुम्ही परत मागितले नाहीत. उलट बायकांशी तोंडी ठरवलंत, की वाळलेलं लाकूड न्यायचं, ओढ्याकाठच्या झाडाला हात लावायचा नाही, आणि दर उन्हाळ्याआधी सगळ्यांनी मिळून असा पट्टा कापायचा. मग वरून जाब विचारला गेला, आणि पाठोपाठ तुमची लांब बदली झाली. आई चिडून म्हणाली, "पाणी लोक पिणार, आणि भोगायचं आपण." तुम्ही खाली मान घालून वळकटी बांधत होतात. आम्ही दोघी डोंबिवलीत भाड्याने राहायला गेलो. पुढच्या उन्हाळ्यात तोच चिडका वनरक्षक शोधत घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "वहिनी, साहेबांना कळवा. ओढा अजून वाहतोय. बायका पट्टा कापायला आल्या होत्या." आईने त्याला आत बोलावून जेवायला वाढलं.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तरी एक सांगते. मागच्या वर्षी एका लग्नाला टिटवाळ्याला गेले होते. रिक्षावाला म्हणाला, "ताई, तलावापर्यंत सोडू का? जवळच आहे." माझ्याकडे वेळ होता, बाबा. मी त्याला नाही म्हणून सांगितलं. तिथे आता झाडं आहेत की इमारती, ते बघायचा मला धीर झाला नाही.