एकटीनं समुद्र बघायचा बेत

ओतूर,
ता. ७ एप्रिल १९९९

चि. सौ. अंबूस,
चिमाताईचे पोटभर आशीर्वाद.

तुम्ही सगळी खुशाल आहात असं मी धरून चालते, कारण खुशाल नसता तेव्हा तू शेजारच्या एसटीडीवर फोन करतेस, आणि फोन काही आला नाही. पावण्यांना, तुझ्या मालकांना, माझा रामराम सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? (एरंडाचं पान तापवून बांधा असं मी म्हणाले होते, ते बांधलं नसणार. घाटकोपरला एरंड कुठला मिळायला.) इकडं सगळं ठीक. कांदा काढून झाला, गाय व्याली, कालवड झाली, आणि आमच्या सूनबाईंची, म्हणजे वृषालीची, भाकरी आता बऱ्यापैकी फुगते, तिला तसं सांगितलेलं नाही. माझी तब्येत एकदम उत्तम आहे. हे वाक्य तू दोनदा वाच, कारण पुढचं वाचून तू रडत ओतूरची गाडी धरशील.

त्याचं असं झालं. कांदे काढता काढता माझ्या मनानं घेतलं की आपण एकदा मुंबई बघावी. तू म्हणशील, ताई, चार वेळा आलीस की. आले. एकदा तुझ्या बाळंतपणाला, एकदा तुझ्या सासूच्या दहाव्याला, एकदा पावण्यांचं आपेंडिक्स काढलं तेव्हा डबे करायला आणि एकदा तुझ्या नणंदेच्या लग्नात पुऱ्या लाटायला. मला कुणी मुंबई कशी आहे विचारलं तर मी काय सांगणार? तुझा ओटा, तुझी मोरी, आणि मोरीच्या खिडकीतून समोरच्या चाळीची वाळत घातलेली धुणी. समुद्राचा वास तेवढा एकदा आला होता, तर तो खालच्या बाईचे बोंबील होते असं तूच सांगितलंस. म्हटलं, आता पन्नाशी उलटली, एकदा काही काम न काढता जावं. समुद्र बघावा, म्हातारीचा बूट बघावा, दोन मजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढं बसावं. रात्री तुझ्याकडंच टेकेन, पण पोळपाटाला हात लावणार नाही.

आणि जायचं ते एकटीनं. यांना घेऊन गेलं की दर तासाला चहा लागतो, आणि चहा झाला की "चल आता, उशीर व्हतोय" सुरू होतं, कशाला उशीर होतोय ते आजवर कळलेलं नाही. (यांचं नाव मी घेत नाही, पण आईबापांनी नावात हौस घातली ती तिथंच राहिली. माळशेज घाट तासाभरावर, तर अजून पावसाळ्यात कधी नेलं नाही. म्हणे, पाणी काय आपल्या विहिरीला नाही का.) बायकांबरोबर जावं तर कुणाचा डबा सांभाळ, कुणाच्या चपला शोध. मला कुठंतरी उभं राहायचं आहे आणि माझं मन भरेपर्यंत कुणी "चल" म्हणायला नको. एवढीच हौस आहे गं.

म्हणून मी सरळ स्टँडवर गेले आणि खिडकीतल्या कंट्रोलरला मुंबईच्या गाडीची वेळ विचारली. तो म्हणाला, कोण ॲडमिट हाय? म्हटलं, कुणी न्हाई, मीच चाललेय. संगं कोण? कुणी न्हाई. मग कशाला? म्हटलं, उगंच, बघायला. तर त्यानं माझ्याकडं बघितलं, उठला, बाकावर बसवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मला वाटलं, एसटी किती सुधारली.

मी बाजार करून मळ्यात पोचायच्या आत बातमी पोचली होती. वृषालीनं हातातली पिशवी काढून घेतली आणि तोंड फिरवून आत गेली. आपल्याकडचा हिशेब तुला माहीतच आहे. बाईमाणूस मुंबईला एकटं चाललंय, लग्न नाही, मयत नाही, बाळंतपण नाही, आणि कशाला म्हटलं तर "उगंच" म्हणतंय. म्हणजे मोठ्या दवाखान्यात दाखवायला चाललीय आणि घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून लपवतेय. कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. बिस्किटाचे पुडे इतके जमले की वृषाली आता गाईला घालते. शहाळी आली, मोसंबी आली. किराणा दुकानाच्या उगमबाई आल्या, माझ्या नावानं माळ जपली म्हणाल्या आणि गाडीत खायला डबाभर खाखरे देऊन गेल्या. (खाखरे चांगले लागतात. संपले.) थोरल्या जाऊबाई आल्या त्या पुरणयंत्र घेऊन. माझंच यंत्र, वृषालीच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या स्वराजच्या बारशाला नेलेलं. स्वराज आता बाप व्हायला आला. दर होळीला मी मागायची आणि दर होळीला त्या म्हणायच्या, मी कधी नेलं? ते यंत्र त्यांनी चिंचेनं घासून आणलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, जाऊबाई, मला काहीसुद्धा झालेलं नाही. तर हुंदका वाढला. ज्याला होतं तोच असं म्हणतो म्हणे.

कहर म्हणजे बांधाशेजारचा रखमाजी आला. तोच, जो दर वर्षी नांगराची एक रेघ आमच्या बांधात घुसवतो आणि वर आमच्याच गायीला शिव्या देतो. उंबऱ्याबाहेर टोपी काढून बसला. म्हणाला, "वैनी, मनात काय ठिवू नका. मान्सानं वर जाताना काय बांध नेलाय व्हय? तुमी जाऊन या, तवर मी बांध हुता तसा सरळ करून ठिवतो." आणि मुंबईला न्यायला स्वतःची टमाट्याची जीप देऊ केली, डिझेलसकट. लगेच जाऊबाई म्हणाल्या, मग मी येते सोबतीला. त्यांच्या मागं चौघीजणी तयार झाल्या. माझ्या एकटीच्या प्रवासाची जीप भरली गं, आणि त्यात मला जागा मधल्या सीटवर.

मला राग आला. तशीच डॉक्टरकडं गेले, छातीपासून जिभेपर्यंत सगळं तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, मावशी, तुम्ही ठणठणीत आहात. मी गावभर सांगितलं. लोक म्हणाले, बिचारीला इथल्या डॉक्टरला काही सापडेना, म्हणूनच तर मुंबईला चाललीय. आता बोल.

पण अंबू, खरं वाईट वाटलं ते यांचं. सकाळी उठून स्वतः चहा करायला लागले, मला आणून द्यायला लागले. साखरेचा डबा कुठला हे लग्नापासून माहीत नव्हतं, त्यामुळं पहिल्या दिवशी मिठाचा केला. मी प्याले. परवा गोठ्यात गाईच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे होते, धार काढायची सोडून. जवळ गेले आणि म्हटलं, अहो, शप्पथ घेऊन सांगते, मला नुसता समुद्र बघायचाय. तर म्हणाले, "एवढंच?" म्हटलं, एवढंच. "मग हे आदी सांगायचं." म्हटलं, पहिल्या दिवशीच सांगितलं व्हतं की. मग यांनी टोपीनं डोळे पुसले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "आता दुसऱ्या कुणाला पटवत बसू नको. रखमाजीचा बांध सरळ होऊ दे."

बांध काल झाला. सुतासारखा झालाय. म्हणून आता मी अक्षय तृतीयेला आमरसाचं जेवण घालून सगळ्यांना सांगणार की मी बरी आहे, मुंबईला मजेसाठी चाललेय. पुरण जाऊबाईंच्या देखत त्याच यंत्रात वाटणार. बांध परत वाकडा झाला तर झाला, पण मला खोट्या आजारावर समुद्र बघायचा नाही. त्यानंतरच्या सोमवारी पहिल्या गाडीनं निघते, एकटी. मला घ्यायला कुणी यायचं नाही, तसं पावण्यांना बजावून सांग.

तुझी ताई,
चिमा

ता. क. घ्यायला कुणी यायचं नाही ते खरंच. पण तुमच्याकडचा रस्ता ओलांडायचं मला आठवलं की हातपाय गार पडतात. तर तू असं कर. स्टँडवर ये, पण माझ्याशी बोलू नको. ओळखसुद्धा दाखवू नको. दोन दिवस माझ्या मागं दहा पावलांवर चालत राहा. मी चुकीकडं वळले तर नुसतं खोक. समुद्रापाशी मात्र खोकायचं नाही.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवायला भाताचं शीत आणायला आत गेले, तर यांनी तेवढ्यात सगळं वाचून काढलं. जेवताना म्हणाले, "अंबूच्या मागं आनी दहा पावलांवर एक मानूस चाललं तर चालंल का? च्या मागनार न्हाई." मी म्हटलं, मला काय विचारता, मी एकटी चाललेय. तर अंबू, तू जरा मागं बघत जा, हे नीट रस्ता ओलांडतात का ते. मला एकटीला मागं वळून बघणं बरं दिसणार नाही.